मालकाचं दुसरं नाक

चिचबोडीच्या गुणवंतरावांचं नाक एक्कावन्न सालच्या चैत्रात गेलं, आणि त्याच सुमारास त्यांची मालगुजारीही गेली. दोन्हींपैकी कशाचं दुःख त्यांना जास्त झालं, हे त्यांची बायको भागीरथाबाई हिला कधी कळलं नाही. तिला कळलं ते एवढंच, की दोन्ही दुःखांची उठबस आपल्यालाच करायची आहे.

मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, सरकारजमा झाली, ती काही परत मिळणार नव्हती. नाक मात्र मिळालं. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात तीन महिने ठेवून घेऊन, कपाळाची कातडी खाली वळवून, डॉक्टरांनी ते बनवलं. डॉक्टरांचा हात चांगला होता, कपाळ वाईट होतं. गुणवंतरावांच्या घराण्यात पुरुषांची कपाळं दोन बोटांची. नाकाला पुरेल एवढी कातडी घ्यायची तर केसांत शिरावं लागत होतं. डॉक्टरांनी तसं आधी सांगितलं होतं, की केसांतली कातडी शेंड्यावर येईल, तेव्हा वर्षभरात पुन्हा या, म्हणजे उरलेलं काम करता येईल. गुणवंतराव म्हणाले होते, पुढचं पुढे पाहू.

पुढचं पुढे आलंच. डोक्यावरची कातडी नाकावर नेऊन बसवली म्हणून तिने आपला स्वभाव सोडला नाही. नाकाच्या शेंड्यावर काळे, राठ, डोक्यावर येतात तसले केस यायला लागले. आत हाड नसल्यामुळे नाक वर्षभरात खाली बसलं आणि ताकात भिजलेल्या वड्यासारखं दिसू लागलं. डावी नाकपुडी मिटली, उजवी अर्धी उरली. रात्री ते तोंड उघडं टाकून झोपत, आणि दिवसा बोलताना त्यांचा 'म' ओठांतून 'ब' होऊन बाहेर पडे. ‘मी इथला मालक आहे’ असं ते ज्याला त्याला बजावत, आणि ऐकणाऱ्याला ऐकू येई की हा इथला बालक आहे. गावातली माणसं भली. ती हसू गिळून ‘हो मालक’ म्हणत.

दर तिसऱ्या दिवशी भागीरथाबाई त्यांना ओसरीतून आतल्या खोलीत नेई, दार लावी, खिडकीच्या उजेडात बसवी आणि चिमट्याने नाकावरचे केस उपटी. न्हाव्याला, पोचूला, हे काम सांगायचं नाही अशी ताकीद होती. पोचूला ठाऊक होतं आणि साऱ्या गावालाही ठाऊक होतं. दार लावून काय लपत होतं, ते लावणाऱ्यालाच माहीत. केस उपटताना त्यांच्या डोळ्यांना पाणी येई, आणि ते तिलाच दटावत, की हळू हात चालव, भाजी निवडून राह्यली का तू. भागीरथाबाई उत्तर देत नसे. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती. उत्तर न देणं तिला नीट जमायला लागलं होतं.

नाक कसं गेलं, त्याची एक गोष्ट होती. गुणवंतराव ती लग्नात, बारशाला, तेरवीला, सापडेल त्या माणसाला ऐकवत. एक बिबट्या, एक ओहोळ, हातात रिकामी बंदूक, आणि बिबट्याच्या जबड्यात घातलेली मूठ. दर वर्षी बिबट्या थोडा वाढत असे. बायकांच्या पंगतीत तीच गोष्ट भागीरथाबाईला सांगावी लागे, आणि ती मुकाट सांगे.

खरी गोष्ट तिला ठाऊक होती. मोहाची फुलं गळायचे दिवस होते. मार्च संपला आणि त्याबरोबर झाडांवरची मालकीही संपली. पण गुणवंतरावांचं मन मानत नव्हतं. गावाबाहेरच्या टोल्यावरच्या बाया आता बिनधास्त मोह वेचतील, या विचाराने त्यांना झोप येईना. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात ते उजाडायच्या आधी एकटेच काठी घेऊन निघाले आणि झाडांपाशी दबा धरून बसले. तांबडं फुटताना त्यांना एक काळी आकृती खाली वाकून फुलं वेचताना दिसली. म्हातारी बाई आहे, असं त्यांना वाटलं. ते मागून गेले आणि पाठीत काठी हाणली. ती बाई वळली, तेव्हा ते अस्वल निघालं.

बैलगाडीतून शिंदेवाहीच्या स्टेशनाकडे जाताना, आपण वाचत नाही अशी खात्री झाल्यावर, चेहऱ्यावरच्या रक्ताने भिजलेल्या धोतराखालून त्यांनी हे सगळं भागीरथाबाईला सांगितलं होतं. एकोणतीस वर्षांत तिच्याशी ते तेवढं एकदाच खरं बोलले. पुढे वाचले, आणि वाचल्यावर पहिलं काम त्यांनी केलं ते बिबट्या शोधून काढण्याचं.

छप्पन्न सालच्या मंडईपर्यंत हे असंच चाललं. दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगावी मंडया, म्हणजे जत्रा, भरतात आणि दंडारीचे, नाच-सोंगांचे, खेळ होतात. चिचबोडीच्या दंडारीत राजाचं सोंग पिढीजात गुणवंतरावांकडे. मुकुट त्यांच्या घरच्या संदुकीत असे, तलवार त्यांच्या खुंटीला. मालगुजारी गेली, तरी वर्षातून एक दिवस ते सिंहासनावर बसत, आणि ज्यांनी त्यांच्या शेतात जन्म काढला ती माणसं प्रधान आणि शिपाई होऊन पुढे वाकत. नाक गेल्यावरही पाच वर्षं लोकांनी भिडेखातर त्यांना राजा होऊ दिलं. राजा ‘आमच्या राज्यात’ म्हणायचा आणि मागच्या रांगेतून कोणी तरी ‘आबच्या राज्यात’ म्हणून साथ द्यायचं.

त्या वर्षी मंडळींनी ठरवून राजाचं सोंग लटारूला दिलं. लटारू म्हणजे गुणवंतरावांच्या जुन्या कुळाचा पोरगा. उंच, गळ्याचा गोड, आणि नाक कसं, तर चाफेकळी. तो स्वतःच मुकुट मागायला आला. खाली मान घालून, अजिबात उर्मटपणा न करता म्हणाला, की मालक, तुमच्यासाठी राक्षसाचं सोंग ठेवलं आहे. त्याला रंगरंगोटीची फार गरज नाही, असंही तो म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तो खर्चाचा विचार करत होता.

गुणवंतरावांनी मुकुट दिला नाही. मंडळींनी पुठ्ठ्याचा नवा केला. मंडई झाली आणि राजा गाजला. दुसऱ्या दिवसापासून गुणवंतरावांनी ध्यास घेतला, की नाक पुन्हा करायचं.

ध्यास घेणं वेगळं आणि ठरवणं वेगळं. पुढचे दहा-अकरा महिने ते ठरवत होते. सकाळी ठरे, की जायचं. जेवण होईपर्यंत तिथी आडवी येई. जोशीबुवांना विचारलं. त्यांनी पंचांग पाहून सांगितलं, की शस्त्राचा योग आहे, पण शस्त्र कोणाच्या हातात हे दिसत नाही. धाकटा भाऊ भैयाजी याला विचारलं. भैयाजीचं आयुष्य थोरल्या भावाच्या वाक्याच्या शेवटी ‘बरोबर’ म्हणण्यात गेलेलं. त्याने जायचं म्हटल्यावरही बरोबर म्हटलं आणि नाही जायचं म्हटल्यावरही. मास्तरांना विचारलं, पटवाऱ्याला विचारलं, बाजारात औषधी मुळ्या विकणाऱ्यालाही विचारलं. त्याने नाकाला लावायला एक लेप दिला. त्या लेपाने केस जास्तच जोमाने आले. भागीरथाबाईला तेवढं कोणी विचारलं नाही.

एकदा तिने आपणहून तोंड उघडलं. म्हणाली, दिसण्याचं राहू द्या, पण श्वासाचं तरी करून घ्या. रात्री तुमचा घसा कोरडा पडतो आणि तुम्ही दचकून उठता. गुणवंतरावांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू गोठ्यातली गाय बोलली. श्वास काय, तो कसाही घेता येतो, असं म्हणून ते आरशाकडे वळले. चव गेली, वास गेला, झोप गेली, त्याचं त्यांना काही नव्हतं. राजा व्हायला श्वास लागत नाही, नाक लागतं.

नागपूरचे तेच डॉक्टर दर वर्षी दसऱ्याच्या सुमारास आणि पुन्हा माघात चांद्याच्या एका दवाखान्यात पंधरा दिवस मुक्कामाला येत. जंगलातल्या लोकांना नागपूर दूर पडतं म्हणून. अस्वलाने फाडलेले चेहरे तिथे ओळीने येत. जुने रोगी म्हणून गुणवंतरावांना तिथून कार्ड आलं, आणि सत्तावन्न सालच्या आश्विनात नवरा-बायको शिंदेवाहीहून गाडीत बसून चांद्याला गेले. सोबत दोन गाद्या, पितळी तांब्या आणि पानाचा डबा. दवाखान्यातही आपण मालक आहोत हे लोकांना कळावं, असा तो सगळा सरंजाम होता.

डॉक्टरांनी नाक दाबून पाहिलं, आत दिवा घालून पाहिलं, केस मोजल्यासारखे निरखले आणि विचारलं, "तुम्हाला श्वासासाठी करायचंय की दिसण्यासाठी?"

गुणवंतराव म्हणाले, की दिसण्यासाठी.

डॉक्टरांनी मग समजावून सांगितलं. श्वासाचं काम लहान आहे, आठ-दहा दिवसांत घरी जाल. दिसण्याचं काम मोठं. बरगडीचा तुकडा काढून नाकात बसवावा लागेल. केसांची कातडी काढून तिथे दंडाची कातडी लावावी लागेल, आणि ती धरेपर्यंत हात वर करून तीन आठवडे डोक्याला बांधून ठेवावा लागेल. तसंच जेवायचं, तसंच झोपायचं. एकूण तीनदा टेबलावर यायचं. इतकं करूनही ते नाक लग्नातल्या फोटोसारखं होईल, अशी खात्री ते देत नव्हते.

गुणवंतरावांनी विचारलं, की यंदाच्या मंडईपर्यंत होईल का. डॉक्टरांना आधी मंडई म्हणजे काय तेच कळेना. कळल्यावर म्हणाले, की पुढच्या दिवाळीपर्यंत झालं तरी नशीब समजा. दोन दिवस विचार करा, मग सांगा.

ते दोन दिवस गुणवंतराव व्हरांड्यात बसून होते. हात डोक्याला बांधून कसं वाटेल, हे पाहायला त्यांनी सकाळी घटकाभर उजवा हात वर धरून ठेवायचं ठरवलं. पाच मिनिटांत खाली आला. मग डावा धरून पाहिला. भागीरथाबाई बाजूला तांदूळ निवडत बसली होती. जो माणूस बिबट्याच्या जबड्यात मूठ घालतो, त्याला स्वतःचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घटका काढवत नाही, हे तिने पाहिलं आणि पुन्हा ताटात मान घातली.

व्हरांड्यात दहा-बाराजण होते. कोणाला ओठ नव्हता, कोणाचा गाल शिवलेला. बहुतेक धानोऱ्याकडचे, जंगलातल्या गावांचे. त्यांत बुधरी नावाची चाळिशीची एक गोंड बाई होती, नवऱ्याबरोबर आलेली. नवऱ्याचं नाव जंगू. तिचं नाक आणि डावा गाल अस्वलाने नेला होता. दोनदा काम झालं होतं, हे तिसऱ्यांदा. पहिल्या वेळचं नाक वाकडं बसलं, म्हणून डॉक्टरांनी पुन्हा सरळ करू का असं विचारलं, तेव्हा तिने उलट विचारलं होतं, की सरळ केल्याने वास येईल का. डॉक्टर म्हणाले, वासाचा आणि सरळपणाचा संबंध नाही, आतली वाट मोकळी केली तर वास येईल. मग वाट मोकळी करा, वाकडं राहू द्या, असं तिने सांगितलं. दोन वाक्यांत तिचा निकाल लागला होता. भागीरथाबाईला हे जंगूने सांगितलं. आपल्या घरी त्याच गोष्टीसाठी जोशी, पटवारी आणि मुळ्या विकणारा खपले, हे ती जंगूला बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्या बदलायची वेळ होती. कंपाउंडर एकेकाला बसवून पट्टी सोडत होता, आणि गुणवंतरावांनी त्याला बिबट्या सुरू केला. ओहोळ आला, बंदूक रिकामी झाली, बिबट्या झेपावला. कंपाउंडर कापूस भिजवत हं-हं करत होता. मूठ जबड्यात गेली, तेव्हा बुधरी बोलली. तिची पट्टी नुकतीच सुटली होती.

"बिबट्या मानेले धरते," ती म्हणाली. "तोंड फाडते थे अस्वल. पाहा, माहं बी असंच हाय."

गुणवंतराव तिच्याकडे न बघता म्हणाले, की तीस वर्षं शिकार केलेल्या माणसाला कोणी शिकवू नये.  बुधरीला त्यांच्याशी वाद घालायचा नव्हताच. ती भागीरथाबाईकडे वळली आणि दोन बायका पाणवठ्यावर विचारतात तसं तिने विचारलं,

"बाई, तू सांग. तुह्या मालकाले काय लागलं होतं?"

सहा वर्षांत हा प्रश्न भागीरथाबाईला शंभरदा विचारला गेला असेल. उत्तर तोंडपाठ होतं, ओहोळासकट. पण ते नेहमी ज्यांना दिलं, त्यांनी कधी अस्वल पाहिलं नव्हतं. समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर अस्वलाची पाच बोटं उमटलेली होती. तिच्याकडे पाहून बिबट्या म्हणायला भागीरथाबाईची जीभ उचलेना.

"अस्वल," ती म्हणाली. तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण दार एकदा उघडलं होतं. "मोह येचणारी बाई समजून त्याले काठी मारली होती यानं. पहाटेस."

आधी जंगू हसला. मग गाल शिवलेला हसला, मग ओठ नसलेला. ज्या तोंडांना धड मिटता येत नव्हतं, तीही हसली. कंपाउंडरच्या हातातला कापूस खाली पडला. गुणवंतराव पानाचा डबा उघडून त्यात काही शोधू लागले.

बुधरी तेवढी हसली नाही. तिने कंपाउंडरपुढे चेहरा केला आणि म्हणाली, "मीबी तवाच जातो मोह येचाले."

भागीरथाबाईला वाटलं होतं, की हे आपण कधी बोललो तर छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही. तिला बुधरीकडे पाहवेना. सहा वर्षं ती बिबट्याची गोष्ट सांगत होती ती नवऱ्याच्या अब्रूसाठी, असं तिने स्वतःला समजावलं होतं. त्या काठीखाली एखादी बाईही असू शकली असती, याचा तिने एकदाही विचार केला नव्हता. आता आला, तर त्याचा ठपका गुणवंतरावांवर जेवढा बसला, तेवढाच तिच्यावरही.

दुपारी डॉक्टरांपुढे गुणवंतरावांनी निर्णय सांगितला. काहीच करायचं नाही. डॉक्टर म्हणाले, की श्वासाचं तरी करून घ्या, एवढे आलात तर. भागीरथाबाईही म्हणाली, की तेवढं करा. गुणवंतराव तिच्याशी सकाळपासून बोलले नव्हते. ते डॉक्टरांनाच म्हणाले, की आमच्या श्वासाची बाहेरच्यांनी काळजी करू नये. बायको बाहेरची झाली होती. डॉक्टरांनी खांदे उडवले, कागदावर काही लिहिलं, आणि मन बदललं तर माघात पुन्हा येणार आहे, कार्ड टाकू, असं सांगून पुढच्या चेहऱ्याकडे वळले.

परतीच्या गाडीत गुणवंतरावांना झोप लागली. तोंड उघडं, जीभ कोरडी. दर पाच-सहा श्वासांनी ते थांबत आणि मग बुडणारा माणूस वर येतो तसे हिसक्याने हवा ओढत. भागीरथाबाईने तांब्यातलं पाणी त्यांच्या ओठांना लावलं. ते झोपेतच दोन घोट प्याले. तिला त्यांची कीव आली, आणि कीव आल्याचा रागही आला. बरगडीला भ्यायलेला, हाताला भ्यायलेला, हसण्याला भ्यायलेला हा माणूस एवढी वर्षं आपल्याला दटावत होता, आणि आपण त्याला घाबरत होतो. कोणाला हसावं, तेच तिला कळेना.

गावात पाऊल टाकताच गुणवंतरावांनी भैयाजीला सांगितलं, की डॉक्टर थक्क झाले. असं नाक पुन्हा होणे नाही, याला हात लावणं पाप आहे, असं म्हणाले. भैयाजीने बरोबर म्हटलं. पण ओठ नसलेला तो माणूस शिंदेवाहीच्या अलीकडचाच होता, आणि त्याला त्याच दिवशी घरी सोडलं होतं. ओठ नसला तरी त्याला सांगायला काही अडचण आली नाही. आठवडी बाजार एकदा भरून उठला, आणि काठी, मोह, अस्वल सगळं चिचबोडीत घरोघर पोचलं. पाणवठ्यावर बाया भागीरथाबाईकडे पाहून पदर तोंडात धरू लागल्या. गुणवंतराव आतल्या खोलीत जाऊन बसले. जेवण आत, पान आत. ओसरीवर कोणी आलं तर ते झोपले आहेत, असं सांगायचं.

भागीरथाबाईने मनात धरलं, की आता हा माणूस जरा खाली बसेल. आवाज उतरेल. कदाचित एखाद्या दिवशी आपल्याशी माणसासारखा बोलेलही. ती काही दुष्ट बाई नव्हती. तिला त्यांचा सूड नको होता, थोडी शांतता हवी होती.

दिवाळीच्या आधी लटारू आला. ओसरीवर न थांबता थेट आतल्या खोलीच्या दाराशी उभा राहिला. भागीरथाबाईला वाटलं, की हा काही टोमणा मारणार. त्याने तसं काही केलं नाही. तो सांगू लागला, की राक्षसाच्या सोंगाला गेल्या साली जो माणूस घेतला, त्याला पाहून लेकरंही हसली. खेळ पडता पडता राहिला.

"मालक, राक्षस तुमच्याबिगर होत नाई," लटारू म्हणाला.

 आतून गुणवंतरावांचा आवाज आला. "राक्षसाले बोलणं किती हाय?"

"राजापरीस जास्त."

 मग खाट करकरली आणि गुणवंतराव बाहेर आले. तेरा दिवसांनी ते ओसरीवर बसले आणि लटारूला विचारू लागले, की राक्षस येतो तेव्हा ढोलकी आधी की शिंग आधी.

मंडईच्या दिवशी, दिवेलागणीनंतर गॅसबत्त्या पेटल्या आणि खेळ सुरू झाला. भागीरथाबाई बायकांत बसली होती. राक्षस आला. तोंडाला काजळी, नाकाला काहीच नाही. पंधरा दिवसांत न उपटलेले केस, बसलेलं नाक, कपाळावरचा वण, सगळं बत्तीच्या उजेडात जसंच्या तसं. आणि तो बंद नाकातला, खोल विहिरीतून यावा तसा आवाज. ‘बी तुला बारीन,’ राक्षस म्हणाला, आणि कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेतली लेकरं आयांच्या मांडीत शिरली. लटारूचा राजा चाफेकळी नाक घेऊन उभा होता, पण त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. राक्षस मेला तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारून त्याला पुन्हा उठवला आणि पुन्हा मरायला लावला.

त्यानंतर गुणवंतराव जे ओसरीवर बसले, ते पूर्वीपेक्षा वीतभर उंच. आवाज चढला, दटावणं दुप्पट झालं. शेजारच्या तीन गावांतून राक्षसासाठी बोलावणी आली. बिबट्याला त्यांनी सोडून दिलं आणि अस्वलाला जवळ केलं. आता गोष्ट अशी होती, की साडेसहा फुटी अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं आणि गुणवंतरावांनी निव्वळ काठीने त्याच्याशी अर्धी घटका झुंज दिली. काठी खरी होती, अस्वलही खरं होतं. मोह वेचणारी बाई तेवढी गोष्टीतून निघून गेली होती. गावातली माणसं ‘हो मालक’ म्हणत होती.

भागीरथाबाईने हे पाहिलं आणि तिची उरलीसुरली आशा आटोपली. खरं बोललं की माणूस सुधारतो, असं कीर्तनात ऐकलं होतं. या माणसाच्या पोटात खोटं गेलं काय आणि खरं गेलं काय, दोन्हींचं एकच होत होतं. तो फुगत होता.

पौषाच्या शेवटी दवाखान्याचं कार्ड आलं. डॉक्टर माघात चांद्याला येत आहेत, खाट राखून ठेवावी किंवा कसे, ते उलट टपाली कळवावं. गुणवंतराव अंगणात उभे राहून तलवार फिरवत होते. पुढच्या गावच्या खेळात राक्षसालाही तलवार द्या, असं त्यांनी मंडळींना मान्य करायला लावलं होतं. भागीरथाबाईने कार्ड वाचून दाखवलं. तिला चौथीपर्यंत शाळा होती, घरातलं लिहिणं-वाचणं तीच करायची.

ते म्हणाले, की होळीपर्यंत तर श्वास घ्यायला फुरसत नाही. चार गावं शब्द देऊन बसली आहेत. या नाकाला आत्ता हात लावला, तर लोक काय म्हणतील. होळीनंतर पाहू, असं लिही. वर हेही लिही, की डॉक्टरांनी एकदा येऊन खेळ पाहून जावा.

भागीरथाबाई आत गेली. दौत काढली, जोडकार्डाचा उत्तरासाठीचा कोरा भाग फाडून वेगळा केला आणि खाली बसून लिहिलं: ‘डॉक्टरसाहेबांस नमस्कार. आमच्या इथल्या माणसाला नाकाची गरज उरलेली नाही. खाट धानोऱ्याकडून कोणी येईल त्यास द्यावी. बुधरी नावाच्या बाईस वास येऊ लागला का, ते कळवावे. भागीरथा.’

पत्ता लिहून, शाई वाळेपर्यंत ती फुंकर घालत बसली. मग कार्ड पदराखाली घेऊन शाळेजवळच्या टपालपेटीकडे निघाली. अंगण ओलांडताना गुणवंतरावांनी तलवार न थांबवता विचारलं, "लिहिलं का होळीनंतरचं?"

"लिहिलं," ती म्हणाली, आणि फाटकाबाहेर पडली.